मीटरच्या खड्ड्यांतून खडवलीपर्यंत

ठाण्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या बार्शीत पहिला प्रश्न तलावपाळीचा येतो. मग मॉलचा, मग खाडीवरच्या पुलाचा. हे सगळं मीही पाहिलं, पण गाडीच्या काचेतून आणि बरंचसं अर्धवट झोपेत. नीट, निरखून पाहिले ते खड्डे. सिमेंटचे चौकोनी खड्डे, वर लोखंडी झाकण, आत आडवा पडलेला नळ आणि त्याच्या पाठीवर घड्याळासारखं बसवलेलं पाण्याचं मीटर. तिकडे त्याला चेंबर म्हणतात. कोणी प्रवासाला जाऊन चेंबर पाहत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी शिंपी. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. दुकान आता पुतण्याकडे दिलंय. बायको कुसुम गेल्यापासून घरात मी एकटाच. मुलगी अर्चना आयटीआय करून ठाण्याला नोकरीला लागली, तिला बरीच वर्षं झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे पाण्याच्या मोठ्या नळांवर जी मीटर असतात, त्यांना रेकॉर्डर जोडण्याचं तिचं काम. फोन केला की तिचा आवाज नेहमी विहिरीतून आल्यासारखा यायचा. कुठं आहेस म्हटलं की सांगायची, चेंबरमध्ये. गेल्या दोन दिवाळ्या ती घरी आली नव्हती. कामं फार आहेत एवढंच म्हणायची.

माघ सरता सरता तिने फोनवर सहज सांगितलं की तिच्या जोडीला काम करणाऱ्या हरेशने दुसरी नोकरी धरलीय, नवा माणूस मिळेपर्यंत ती एकटीच जातेय. मी म्हटलं, मी येतो, बॅटरी तरी धरीन. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, या नाना.

माझ्या मनात आणखी एक होतं. आमच्याकडे एका खासगी आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याची जागा निघाली होती आणि तिथल्या ओळखीच्या गृहस्थांनी अर्चनाचं नाव आपणहून काढलं होतं. हे फोनवर बोलायचं नव्हतं. समोर बसून, नीट सांगायचं होतं.

वर्तकनगर

अर्चनाची खोली वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीत आहे. खिडकीतून दोन इमारतींच्या मधून येऊरच्या डोंगराची एक पट्टी दिसते, सकाळी तिच्यावर धुकं असतं. डोंगर आहे की कोणी वाळत घातलेलं निळं कापड, हे मला पहिल्या सकाळी उठल्या उठल्या कळलं नाही. बराच वेळ बघत बसलो. आमच्याकडे डोंगर असा घराच्या खिडकीत येत नाही.

पहिलं काम त्याच वसाहतीच्या पलीकडचं होतं. झाकण उघडून अर्चना लगेच आत उतरली नाही. आधी दोरीला बांधून एक छोटं यंत्र आत सोडलं, आत वाईट हवा असली तर ते ओरडतं म्हणे. मग साचलेलं पाणी पंपाने उपसलं, शिडी लावली, आणि माझी मुलगी जमिनीत उतरली. मला वरून तिचा भांग दिसत होता. कुसुमसारखाच, थोडा डावीकडे.

काम मला समजलं ते असं. मीटरच्या आत पंखा असतो, तो पाण्याने फिरतो आणि काटा पुढे सरकतो. काट्याबरोबर एक बारीकसं लोहचुंबक फिरतं. त्याच्या शेजारी सेन्सर बसवला की प्रत्येक फेरीला तारेतून एक ठोका जातो. तार जाते रेकॉर्डरला. रेकॉर्डर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, आत बॅटरी आणि मोबाइलसारखं सिमकार्ड. किती ठोके आले, कोणत्या वेळी आले, ते ती लक्षात ठेवते आणि ऑफिसला कळवते. म्हणजे नळ कधी भरभरून वाहतो, कधी नुसता पाझरतो, कुठे पाणी निघतं आणि पोचत नाही, हे बसल्या जागी कळतं.

तारांचे जोड करायचं काम तिने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे दिलं. लाल, काळी, पांढरी, अशा दोऱ्यासारख्या तारा. त्यांचं टोक सोलायचं, पीळ द्यायचा, वर नळी चढवून तिला गरम हवा दिली की ती आक्रसून घट्ट बसते. मग तो जोड एका डबीत ठेवून त्यावर जेल ओतायचं, म्हणजे चेंबर बुडालं तरी पाणी आत जात नाही. माझी बोटं अजून चांगली चालतात. फक्त एक खोड नडली. टाचण्या ओठात धरायची सवय, तसे मी स्क्रू ओठात धरले. अर्चनाने खालून पाहिलं आणि इतक्या जोरात ओरडली की शेजारून जाणारा भाजीवाला थांबला. चेंबरमधलं काहीही तोंडात घालायचं नाही, असा नियम झाला.

तिथल्या एका बाईंनी आम्हाला चहा दिला. त्यांना एकच धास्ती होती, या पेटीने बिल वाढणार का. अर्चनाने समजावलं की पेटी फक्त मोजते. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी येतं? त्यांना सांगता येईना. टाकी भरलेली असते, एवढंच त्यांना माहीत. मला हेवा वाटला. आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी यायचं, त्या पहाटे सगळी गल्ली जागी असते. पाण्याआधी नळातून हवा येते. नळ आधी खोकतो, मग घरघरतो, मग कुठं धार लागते. त्या खोकल्याला आमच्याकडची तान्ही पोरंसुद्धा दचकून उठतात.

शीळच्या रस्त्याने

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही डोंबिवलीकडे निघालो. अर्चनाकडे ऑफिसची जुनी व्हॅन आहे, ती स्वतः चालवते. मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. मुलगी गाडी चालवतेय आणि आपण शेजारी नुसतं बसलोय, याची मला सवय व्हायला वेळ लागला. पण झाली, आणि मग झोपच यायला लागली. मुंब्र्याचा डोंगर अंगावर येतो आणि सरकून मागे जातो. खाडीचं पाणी मधूनच दिसतं, राखी रंगाचं, न हलणारं. मग इमारती. त्यांच्यामध्ये एखादं शेत तसंच राहिलेलं, त्यात एक म्हैस आणि म्हशीवर बगळा. डोळा लागून उघडला की पुन्हा म्हैस. ती तीच की दुसरी, कळत नव्हतं. मला वाटे, या रस्त्याखालून कुठेतरी आपण जोडलेला नळ आपल्याबरोबर चाललाय, वर आपण आणि खाली पाणी, उलट्या दिशांनी.

शीळच्या पुढे मी मनाचा हिय्या केला आणि आयटीआयचं बोललो. पाठ करून ठेवल्यासारखं सगळं सांगितलं. जागा कशी आहे, गृहस्थ किती चांगले आहेत, घर मोठं आहे, मी एकटा आहे, जेवताना समोर कोणी नसतं. शेवटचं सांगायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. अर्चना रस्त्याकडे बघत होती. मध्ये मध्ये हं म्हणत होती. माझं संपलं तरी ती हं म्हणाली आणि तिने पुढच्या डंपरला वाट दिली. मग विचारलं, नाना, पाणी प्यायचं का?

मी नको म्हटलं. मला लागलं. नाही म्हणाली असती तरी चाललं असतं, असं वाटत राहिलं.

हळदीच्या मांडवात

डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावात पुढचं चेंबर होतं. गाव म्हणजे आता चारी बाजूंनी टॉवर, मध्ये जुनी घरं, जुन्या घरांनाही तीन तीन मजले चढलेले. आम्ही पोचलो तर चेंबर मांडवाखाली. काशिनाथशेठ नावाच्या गृहस्थांच्या मुलीची संध्याकाळी हळद होती. अंगणात भलामोठा मांडव, खुर्च्यांचे ढीग, भटारखान्यातून मसाल्याचा वास, आणि आमचं लोखंडी झाकण बरोबर तिथे, जिथे नवरीचा पाट ठेवायचा.

काशिनाथशेठ आधी ऐकेनात. त्यांची शेती आणि मिठागरं होती, तेव्हापासून सरकारी माणूस अंगणात आला की काहीतरी जातं, असं ते म्हणाले. आणि आज एवढी माणसं यायची, आज पाणी बंद झालं तर? अर्चनाने त्यांना सांगितलं की इथे पाणी बंद करावं लागत नाही, फक्त तार जोडायची आहे, दुपारच्या आत झाकण पुन्हा लागेल. ते तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, जोडणार कोण? मी जोडणार, ती म्हणाली, आणि हे माझे वडील. वडिलांचं ऐकून शेठ जरा नरमले. काम झाल्यावर हळदीला थांबायचं, अशी अट घालून त्यांनी स्वतः खुर्च्या बाजूला केल्या.

आम्ही काम केलं. झाकण लावल्याबरोबर बायकांनी त्यावर तांदळाचा चौक मांडला आणि वर पाट ठेवला. माझ्या हातचे जोड त्या पाटाखाली होते. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण मला उगाच बरं वाटलं.

आमच्याकडे हळद म्हणजे सकाळचा तासाभराचा विधी. इथे लग्नाहून हळद मोठी. संध्याकाळी सगळं गाव आलं, पाठोपाठ पाहुण्यांच्या गाड्या. तांदळाची भाकरी पहिल्यांदा खाल्ली, रुमालासारखी पांढरी आणि मऊ. ज्वारीची भाकरी मोडायची असते, ही घडी घालता येते. तिच्याबरोबर सुकट होती. वास घेऊन मी थबकलो, शेजारच्या माणसाने मायेने आणखी वाढली, मग खाल्ली. चव वासासारखी नाही, एवढं सांगतो.

मग डीजे लागला. छातीत धडधडायला लागलं. कोणाला कोणाचं ऐकू येईना, सगळे एकमेकांच्या कानाशी ओरडत होते. फक्त अर्चना आरामात होती. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती सगळं समजून घेत होती, उत्तरं देत होती, हसत होती. इतकी मोकळी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

डीजे थांबला तेव्हा एक म्हातारी पाटाजवळ येऊन बसली. तिचं नाव चांगुणाबाई. आगऱ्यांच्या लग्नात मंत्रांच्या बरोबरीने बायकांची गाणी चालतात, धवले म्हणतात त्यांना. ती म्हणणारी बाई ती धवलारीण. मोठी मानाची बाई. तिने सूर लावला तसा सगळा मांडव एकदम खाली बसला, धूळ बसावी तसा. सूर अगदी संथ, ओढत नेलेला. गावदेवीला बोलावलं, मेलेल्या वाडवडिलांना बोलावलं, विहिरीला आणि खाडीला बोलावलं. शब्द मला निम्मेच कळत होते. डोळे जड झाले. मला वाटलं, कुसुमही कुठेतरी मागच्या खुर्च्यांत येऊन बसली असेल, मागे वळून बघू नये.

गाणं संपल्यावर चांगुणाबाईने हळदीची वाटी घेऊन बायकांना हळद लावायला सुरुवात केली. अर्चना तिच्या उजव्या हाताला, पाठमोरी बसली होती. म्हातारीने तिला हाक मारली. पुन्हा मारली. अर्चनाने मान वळवली नाही. म्हातारी उठून तिच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला गेली आणि हळूच काहीतरी म्हणाली. अर्चना लगेच वळली, गाल पुढे केला.

नंतर पान खाता खाता चांगुणाबाई माझ्याजवळ येऊन बसली.

"तुजे पोरीला डावे कानान आयकू येत नाय," ती म्हणाली. "तुला म्हाईत हाय ना?"

मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. बापाला माहीत नाही, असं परक्या मांडवात कसं सांगायचं?

परत येताना मी व्हॅनमध्ये बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्या डाव्या हाताला बसलोय. रोज इथेच बसत होतो. शीळच्या रस्त्यावर मी जे बोललो, ते या बाजूने, इंजिनाच्या आवाजात. तिच्या खोलीवर जेवताना ती रोज ताट उचलून जागा बदलायची, पंख्याखाली बसायचंय म्हणून. झोपायची उजव्या कुशीवर, आणि मग बाहेर कितीही गोंगाट झाला तरी हलायची नाही. मला वाटायचं, दमते पोर.



शहाड

सकाळी कल्याणच्या पलीकडे शहाडला गेलो. तिथे उल्हास नदी आहे, पण मला ती आधी दिसलीच नाही. जलपर्णीने इतकी झाकली होती की हिरवं शेतच वाटत होतं, पलीकडे चालत जाता येईल असं. वाऱ्याने ते शेत एकदम एका अंगाला सरकलं, तेव्हा खाली काळं पाणी दिसलं.

रस्त्याकडेला शिरीषाच्या झाडाखाली चेंबर होतं. इथलं मीटर अडकलं होतं. पाणी बंद करून घेऊन, मीटरचं डोकं उघडून आतला पंखा साफ करायचा, मग सेन्सर बसवायचा. अर्चनाने चावीवाल्याला फोन केला, त्याने लांबची चावी बंद केली. ती खाली उतरली. मीटरचे बोल्ट काढले, पंखा बाहेर काढून माझ्या हातात दिला. तो चिखलाने आणि केसासारख्या मुळ्यांनी भरला होता. मी फुटपाथवर बसून दात घासायच्या ब्रशने साफ करत होतो आणि मनात सकाळपासून तेच चाललं होतं. विचारू कसं? आणि कोणत्या बाजूने?

तेव्हा नळ खोकला.

रस्त्यावर रिक्षा होत्या, ट्रक होते. तरी तो आवाज मी कुठेही ओळखेन. आधी एक कोरडा खोकला, मग लांबून येणारी घरघर. पाण्याच्या पुढे हवा येत होती. कोणीतरी चावी उघडली होती आणि खाली मीटरचं तोंड सताड उघडं होतं.

मी चेंबरवर वाकून हाक मारली. ती भिंतीकडे तोंड करून सेन्सरची पट्टी घासत होती, डावा कान माझ्याकडे. पुन्हा ओरडलो. शेजारी पंप चालू होता. ती तशीच. मग माझ्या हाताला पाना लागला, तो मी लोखंडी शिडीवर जोरात मारला, मारतच राहिलो. तिचं एक पाऊल शिडीच्या पायरीला टेकलेलं होतं. ती दचकली, वर बघितलं. मी दोन्ही हातांनी वर ये अशी खूण केली. ती हातातलं टाकून चढली. तिचा गुडघा काठावर आला आणि खालून पाण्याचा खांब उठला. आम्ही दोघं नखशिखांत भिजलो. तिचा हत्यारांचा डबा वर तरंगला, रेकॉर्डरची पेटी गोल गोल फिरायला लागली.

अर्चनाने भिजलेल्या हातांनी फोन लावला. पाणी बंद झालं. निरोप एकाचा दुसऱ्याला पोचला नव्हता, एवढंच कळलं. आम्ही कोणाशी भांडलो नाही. झाडाखाली बसलो. मी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग मी कुठे बसलोय ते बघितलं, आणि ती रडायला लागली. ती रडेपर्यंत मीही धरून होतो.

मग तिने सांगितलं. पहिल्या न आलेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका चेंबरमध्ये हवा सोडायच्या झडपेचं टोपण तिच्या कानाशी उडालं. आधी काही दिवस शिट्टी वाजत राहिली, मग शिट्टीही गेली. डॉक्टर म्हणाले, आतली नसच गेलीय, यंत्राचा उपयोग नाही. फोन उजव्या कानाला लावता येतो, त्यामुळे मला काही कळलं नाही. घरी आली असती तर कळलं असतं, म्हणून आली नाही. ऑफिसातही सांगितलं नव्हतं. फक्त हरेशला माहीत होतं. तो वर उभा राहायचा आणि काही झालं की शिडी वाजवायचा. तो गेल्यापासून ती एकटीच उतरत होती.

"मला सांगायचं होतं ना," मी म्हटलं.

"तुम्ही परत चल म्हणाला असता."

"म्हणालोच. काल, शीळच्या रस्त्यावर."

तिला समजेना. मी तिला आयटीआयचं सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा कसातरीच झाला.

"नाना, मला वाटलं तुम्ही आईबद्दल बोलताय," ती म्हणाली. "तुमचा चेहरा तसा झालेला. म्हणून मी मधे काही विचारलं नाही. हं हं करत राहिले."

यावर मला हसू आलं, मग तिलाही. आमच्या अंगातून पाणी निथळत होतं, आणि समोर ती हिरवी नदी पुन्हा सरकून दुसऱ्या काठाला लागली होती.

मी तिच्याकडून एकच मागून घेतलं. ऐकणारा माणूस वर असल्याशिवाय चेंबरमध्ये उतरायचं नाही आणि हे आजच ऑफिसला सांगायचं. तिला भीती होती की साइटवरून काढून टेबलावर बसवतील. तसं ती मला एकदाच म्हणाली. मग माझ्यासमोर फोन केला. बोलणं बरंच लांबलं. मी पंखा पुसत बसलो, पुसून झालेला पंखा पुन्हा पुसला. शेवटी ती म्हणाली, रागावले, आधी का सांगितलं नाही म्हणून. कान पुन्हा तपासून घे म्हणाले. आणि उद्यापासून रझिया जोडीला येईल, तिच्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. टेबलाचं? टेबलाचं कोणी काही बोललं नाही.

मीटर आम्ही त्याच दिवशी बसवलं. पेटी कोरडी करून पाहिली तर तिच्या तारेवर मी सकाळीच करून ठेवलेला जेलमधला जोड शाबूत होता.

खडवली

शेवटचं काम खडवलीला. स्टेशनबाहेर पडलं की शहर संपतं, वाटेत चिंचा, आंबे मोहरलेले, विटांच्या भट्ट्यांचा धूर. इथे भातसा नदी आहे. ठाण्यात सुरुवात केली तेव्हा पाणी नळात होतं, इथे ते उघड्यावर वाहत होतं. इतके दिवस ज्याच्या पाठीवरून फिरलो त्याचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं.

रझिया चुणचुणीत मुलगी. शिडी वाजवायची ठरलेली खूण अर्चनाने तिला शिकवली, एक ठोका म्हणजे वर बघ, लागोपाठ म्हणजे वर ये. दोघींनी ती उगाचच चारदोनदा करून पाहिली. रझिया वर उभी राहिली तेव्हा मला काही काम उरलं नाही. मी एका दगडावर बसून दोघींकडे बघत होतो. थोडं चुकल्यासारखं वाटलं, नाही म्हणत नाही. शेवटचा जोड मात्र अर्चनाने वर पाठवला, तुम्ही करा म्हणाली.

काम आटोपून आम्ही नदीवर गेलो. पाणी उथळ, घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं, खालचे गोटे स्वच्छ दिसत होते. आसपासच्या बायका कपडे धूत होत्या, पलीकडे एक कुटुंब जेवायला बसलं होतं. मी अर्चनाच्या उजव्या हाताला बसलो आणि विचारलं. नीट, एकेक शब्द.

"मग त्या जागेचं काय सांगू त्यांना?"

"नको, नाना." ती पाण्यात पाय हलवत म्हणाली. "बार्शीत मोजायला पाणी कुठंय?"

मी हसलो. उत्तर मिळालं होतं. मला वाटलं होतं तसं ते टोचलं नाही. मग ती म्हणाली, तुम्हीच इकडे या. मी म्हटलं, घर आहे, गल्ली आहे, कुसुमची तुळस आहे. पण येत जाईन. दिवाळीला ती येईल, होळीला मी. एवढं ठरलं.

मग ती उठून आहे त्या कपड्यांत नदीत जाऊन उताणी पडली. पाणी इतकं उथळ की तिचा चेहरा, हातांचे तळवे आणि पायांचे अंगठे तेवढे वर होते. मला वाटलं, पाय घसरला. मी धावलो. ती डोळे मिटून पडली होती.

"तुम्हीपण या," ती म्हणाली. "इथे दोन्ही कान सारखेच होतात."

आमच्या गावाला असली नदी नाही. पाण्यात असा मी जन्मात कधी निजलो नव्हतो. रझिया काठावरून बघतेय याची थोडी लाज वाटली. तरी चष्मा काढून दगडावर ठेवला, सदरा तसाच ठेवला, आणि तिच्या शेजारी हळूहळू पाठ टेकली. पाणी गार होतं. मान मागे केली आणि कान बुडाले.

कपडे धोपटण्याचा आवाज गेला. रस्ता गेला. तळातून बारीक खडे एकमेकांवर घासत सरकल्याचा आवाज येत होता, डावीकडून येत होता तसाच उजवीकडून. चष्मा नव्हता, त्यामुळे आभाळ नुसतं पांढरं. पाणी आम्हाला किंचित उचलून, किंचित पुढे ढकलून बघत होतं. अर्चनाचा हात माझ्या हाताला लागला, मग तिथेच राहिला.

माझी गाडी संध्याकाळची होती. आम्ही बराच वेळ उठलो नाही.